मजेत असणाऱ्यांची भिंत

९ नोव्हेंबर

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

मी इथे मजेत आहे. तूही मजेत असशील. तसं तू परवा फोनवर म्हणालीसच, आणि लगेच "आई, दारावर कोणीतरी आलंय" म्हणून फोन ठेवलास. त्याच्या आधीच्या खेपेलाही दारावर कोणीतरी आलं होतं. नव्या गावात तुझ्याकडे माणसांची फार ये-जा दिसते. म्हणून म्हटलं, पत्र लिहावं. पत्र वाचताना दारावर कोणी आलं तरी पत्र आपलं जिथल्या तिथे थांबतं.

बातमी अशी की तुझ्या आईला पुन्हा कामाला जुंपलंय. निवृत्तीनंतर निवांत भिंतींशी बोलत बसणार होते, तेवढ्यात मेट्रनबाई स्वतः सगळे जिने चढून आल्या. (लिफ्ट बंद आहे, ते पुढे सांगते.) धापा टाकत म्हणाल्या, "सिस्टर, ट्रायाजचे वर्ग पुन्हा सुरू करायचेत. तुमच्याशिवाय कोण शिकवणार?" मी म्हटलं, आधी बसा, तुमचाच रंग पिवळा दिसतोय.

त्या बसच्या दिवसानंतर वरच्या लोकांना जाग आली आहे. आता फक्त नर्सना नाही, सगळ्यांना शिकवायचं आहे. नवे डॉक्टर, वॉर्डबॉय, केसपेपरच्या खिडकीतली बाई, गेटवरचा रखवालदारसुद्धा. ते मला पटलं. दवाखान्यात येणाऱ्याला पहिला माणूस दिसतो तो रखवालदारच. त्या बिचाऱ्याला ट्रायाज हा शब्द काही केल्या म्हणता येईना. तो 'तराजू' म्हणतो. "मॅडम, तराजूचा वर्ग किती वाजता?" मी दुरुस्त करायला गेले नाही. तोही शब्द काही वाईट नाही.

वर्ग आपल्याच जुन्या खोलीत भरतो, धोबीखान्याच्या वर. खालून वाफेचा आणि साबणाचा वास येतो तो तसाच. तू बसायचीस तो खिडकीजवळचा बाक अजून डुगडुगतो. आता तिथे एक चष्मेवाली नवी नर्स बसते. मी शिंकले तरी लिहून घेईल अशी आहे. तुमचा पैलवान वॉर्डबॉयही आहे वर्गात. त्याला मागच्या बाकावर बसवलंय, नाहीतर मागच्यांना फळा दिसत नाही. आणि एक तरुण डॉक्टर आहे, तो उशिरा येतो आणि आपण इथे चुकून आलो आहोत अशा चेहऱ्यानं बसतो.

पहिला धडा तोच, कोणाला आधी बघायचं ते ठरवण्याचा. एकदम खूप जखमी आले की दारात उभं राहून मोठ्यानं ओरडायचं, "ज्यांना चालता येतंय त्यांनी त्या भिंतीपाशी जा!" जे जातील त्यांना हिरवी फीत. ते थांबू शकतात. उरलेल्यांत जो ओरडतोय त्याच्याकडे धावायचं नाही, ओरडायला श्वास लागतो आणि त्याच्याकडे तो आहे. गप्प पडलाय त्याच्याकडे आधी जायचं. ज्याला आत्ता हात लावला नाही तर जाईल त्याला लाल, ज्याला थोडा दम निघेल त्याला पिवळी, आणि ज्याच्यासाठी आता काही करता येत नाही त्याला काळी. डॉक्टरानं विचारलं, "इतकं सोपं?" मी म्हटलं, सोपं आहे. फक्त करवत नाही.

वर्ग बरा झाला. एक वाक्य मी पहिल्या दिवशी नेहमी म्हणायचे, ते या वेळी गाळलं. कोणाच्या लक्षात आलं नाही. नव्यांना काय माहीत.

लिफ्टचं असं झालं, की बाबा गेल्यापासून तिच्याकडे बघणारं कोणी नव्हतं. ती मधल्याच मजल्यावर अडकून बसली. कंपनीचा नवा माणूस आला, वरचं झाकण उघडलं आणि म्हणाला, "आधीच्या मेकॅनिकचा हात चांगला होता हो. वायरी बघा कशा लावल्यात." मी म्हटलं, हो. त्यानं पाणी मागितलं, ते दिलं.

स्वेटर घालत जा.

तुझी,
आई

२३ नोव्हेंबर

चि. ठकूस आशीर्वाद.

तुझं कार्ड पोचलं. "आई, मी मजेत. थंडी आहे. काळजी नको." तारा बंद झाल्या, पण तू एकटीनं ती परंपरा चालवते आहेस. तुझ्या नव्या नोकरीत, औषधांच्या गोदामात, बोलायला लागत नाही हे मला ठाऊक आहे. पेट्या उत्तर देत नाहीत. पण आईला लिहिताना शब्दामागे पैसे पडत नाहीत, हे कोणीतरी तुला सांगायला हवं.

मीही मजेत आहे.

हा शब्द तुला बाबांकडून वारसाहक्कानं मिळालाय. आठवतं ना, लिफ्टच्या दारात बोट सापडलं होतं, नख काळंनिळं, आणि दारात उभे राहून म्हणतात, "मजेत!" ताप असो, दाढ ठणको, वरचा साहेब बोलू दे, यांचं उत्तर ठरलेलं. कोणी विचारलं धंदा कसा चाललाय, तर म्हणायचे, "रोज वरखाली होतो, पण बुडत नाही." मी नर्स असून पहिली काही वर्षं फसले. मग मला युक्ती कळली. पहिल्यांदा विचारलं की सोडून द्यायचं. जेवणं झाली, भांडी आवरली, की सहज पुन्हा विचारायचं, "काय म्हणतंय बोट?" मग म्हणायचे, "जरा ठणकतंय."

तुझ्या कामाचं त्यांना फार कुतूहल होतं. आत कोणाला येऊ देत नाहीत म्हणून कुरकुरायचे. "माझी पोरगी दवाखान्याच्या दारात उभी राहते म्हणजे नक्की करते काय? रखवालदार आहे का ती?" मी सांगायचे, तुम्हाला ते कधी बघायला न मिळो. हे मी चेष्टेत म्हणायचे.

मला इथे सगळे विचारतात, कशा आहात. वरच्या मजल्यावरची शिंपीणबाई रोज विचारते. मला काय सांगावं कळत नाही, कारण मला खरंच काही होत नाही. दाताच्या डॉक्टरानं सुई टोचली की गाल आपलाच असतो पण हात लावला तर दुसऱ्या कोणाचा वाटतो ना, तसं आहे. जेवते, झोपते. झोपही चांगली लागते, ते मला आवडत नाही. त्यांचे बूट अजून दाराशी आहेत, मी रोज त्यांना ओलांडून जाते आणि रोज काही होत नाही. रडू येईल तेव्हा येईल म्हणून वाट बघणं सोडून दिलंय.

वर्गाचं सांगते. परवा मी त्यांना एक उदाहरण घातलं. बसचा अपघात. साठीतला माणूस. आपल्या पायांनी चालत आला. पूर्ण वाक्यात बोलतो, विनोद करतो, जखम दिसत नाही. कसे आहात विचारलं तर म्हणतो मजेत. उलट म्हणतो, मला सोडा, आधी त्या मागच्या बाईंना बघा. कोणता रंग?

सगळे एका सुरात म्हणाले, हिरवा. चष्मेवालीनं तर लिहूनही टाकलं. रखवालदार म्हणाला, "मॅडम, हा तर मदतीला घेण्यासारखा माणूस आहे." डॉक्टर पहिल्यांदाच सरळ बसून म्हणाला, "हिरवा. यात विचारायचं काय?" मी दुसऱ्या तुकडीला विचारलं. हिरवा. रात्रपाळीच्या तुकडीला विचारलं. हिरवा. एकही जण चुकला नाही. मीही हिरवीच फीत बांधली असती, ठकू. हे तुला सांगायचं होतं. आत्ता इतकंच.

आणि ते गाळलेलं वाक्य. तुझ्या वहीत पहिल्या पानावर तू ते लाल शाईनं लिहिलं होतंस, मी स्वतः बघितलंय. "दारात सख्खा बाप आला तरी आधी रंग, मग नातं." मला हे वाक्य फार आवडायचं. वर्गात एकदम शांतता व्हायची. वाक्य खोटं नाही, अजूनही कोणी विचारलं तर बरोबर आहे म्हणेन. पण तोंडातून निघत नाही.

गोदामात थंडी असेल तर पायांत दोन मोजे घाल. लाजू नकोस, पेट्या बघत नाहीत.

तुझी,
आई

४ डिसेंबर

चि. ठकूस,

या वेळी कार्डही नाही. अळीमिळी गुपचिळी. ठीक आहे. मी लिहिते, तू वाच, एवढं जरी चाललं तरी माझी तक्रार नाही.

मागचं पत्र टाकल्यावर मला वाटलं, आपण फार शहाणपणानं लिहिलं. सगळ्या तुकड्या हिरवा म्हणाल्या, म्हणजे पोरीच्या मनावरचं ओझं उतरलं, आई मोकळी. मग लक्षात आलं की तू फितीसाठी गेलीच नाहीस. फीत बरोबर होती हे तुला पहिल्यापासून माहीत आहे, मी शिकवलंय तुला. तू गेलीस ते मी विचारलं त्यासाठी. आणि ते सोडून मी धोबीखाना लिहिला, लिफ्ट लिहिली, पैलवान लिहिला. आता लिहिते.

मला फोन आला तेव्हा मी पडदे शिवत होते. पोचले तेव्हा त्यांना आतल्या छोट्या खोलीत ठेवलं होतं. तू बाहेर भिंतीला टेकून उभी होतीस, ॲप्रनच्या खिशातून फितींचे शेंडे बाहेर आले होते, सगळे रंग. सगळ्या जगात त्या वेळी तुला एकच माणूस हवं होतं, आणि ते माणूस जिना चढून आलं, तुझ्यासमोर उभं राहिलं आणि म्हणालं, "परत कधी बघितलंस?"

ठकू, हा माझा परीक्षेतला प्रश्न आहे. तोंडी परीक्षेत मी प्रत्येकाला विचारते. हिरवी फीत बांधली, ठीक, परत कधी बघितलंस? कारण हिरवी फीत कायमची नसते, भिंतीपाशी बसलेला माणूस आतल्या आत बदलत असतो, म्हणून फेरी मारायची. हे मी इतक्या जणांना इतक्या वेळा विचारलंय, की त्या दिवशी माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच आणि तोंडात हेच आलं. नवरा आत झाकून ठेवलेला, मुलगी समोर, आणि मी तुझी तोंडी परीक्षा घेतली.

तू खिशातल्या फिती काढून टेबलावर रंगवार लावून ठेवल्यास आणि गेलीस. लाल वेगळ्या, हिरव्या वेगळ्या. तेही मीच शिकवलं होतं.

मला तुझा राग आला होता का? आला होता. पुढे एक दिवस पूर्ण आला होता, दिवसभर मी स्वयंपाकघरात तुझ्याशी भांडत होते. खोटं कशाला सांगू. मग तोही गेला आणि जागेवर दुसरं काही आलं नाही.

सर्जनना मी नंतर भेटले, तुला सांगितलं नाही. समोरच्या सीटचा दांडा पोटात बसला होता, आतल्या आत रक्त साचत गेलं. मी विचारलं, लवकर कळलं असतं तर? ते म्हणाले, कदाचित. मी म्हटलं, म्हणजे? म्हणाले, सिस्टर, त्या वेळी दोन्ही टेबलांवर लहान मुलं होती. कदाचितच्या पुढे त्यांना जाता येईना, मलाही येत नाही. तुला येत असेल तर कळव.

आता पैलवानाचं. काल वर्ग सुटल्यावर तो रेंगाळला. एवढा मोठा गडी, दारात हात चोळत उभा. म्हणाला, "मॅडम, एक सांगू का? रागावू नका." त्या दिवशी तो त्या भिंतीकडच्या लोकांना पाणी देत होता. तुझे बाबा अंगणातल्या कट्ट्यावर बसले होते, गार वारा सुटला होता. तो म्हणाला, "मी त्यांना म्हटलं, काका, आत बाकावर चला, ऊब आहे. तर नको म्हणाले. इथून बरं दिसतं म्हणाले."

मी विचारलं, काय दिसतं?

"ते काय माहीत नाही मॅडम. मला वाटलं गाड्या बघतायत. मला घाई होती."

मी त्याला म्हटलं, बरं केलंस सांगितलंस. घरी येताना त्या अंगणातून आले. कट्टा, पन्हळीचा पाइप, उभ्या अँब्युलन्स, ऑक्सिजनची रिकामी नळकांडी. यांना त्यात काय बरं दिसलं देव जाणे. लिफ्टवाल्या माणसाचं काय, एखाद्या पुलीकडेही तासभर बघत बसायचे.

हे पत्र फाडून टाकलंस तरी चालेल, वाचून मग फाड.

आई

१६ डिसेंबर

माझ्या ठकू,

काल सराव झाला. वर्गाच्या शेवटी असतो तो, खोट्या जखमींचा, तुझ्या वेळी पाऊस आला आणि सगळ्यांचं लाल रक्त गुलाबी होऊन वाहून गेलं होतं, तो. या वेळी कॉलेजच्या मुली रुग्ण झाल्या होत्या. प्रत्येकीच्या गळ्यात मी लिहिलेलं कार्ड: काय होतंय, विचारल्यावर काय सांगायचं. एक मुलगी खरीच आजारी पडून आली नाही आणि एक कार्ड उरलं. मेट्रनबाई म्हणाल्या, जाऊ दे, एक कमी चालेल. मी ते कार्ड बघितलं. साठीतला माणूस, चालत येतो, विनोद करतो. पहिल्यांदा विचारल्यास: मजेत. दुसऱ्यांदा विचारल्यास: गरगरतंय, पोट कडक झालंय. मी ते माझ्याच गळ्यात अडकवलं. वर्गात हशा पिकला. रखवालदार म्हणाला, "मॅडम स्वतःच तराजूत!"

दारात चष्मेवाली उभी होती. काय आवाज आहे त्या पोरीचा, वर्गात मांजर आणि अंगणात वाघ. "ज्यांना चालता येतंय त्यांनी त्या भिंतीपाशी जा!" मी गेले. तिनं येऊन हात धरला, "काका, कसं वाटतंय?" म्हणाली. (कार्डावर काका होते.) मी म्हटलं, मजेत, तुम्ही त्या मागच्यांना बघा. तिनं फीत बांधली आणि गेली. एकदम चोख. मी तिला पैकीच्या पैकी दिले असते.

मग मी बसून राहिले. आयुष्यभर मी त्या दारात उभी राहिले, ठकू, दारात नाही तर फळ्यापाशी. त्या कट्ट्यावर मी कधी बसलेच नव्हते. कशाला बसेन? तिथे हिरवे बसतात.

कट्टा गार आहे आणि पाठीला पन्हळीचा पाइप टोचतो. म्हणून माणूस जरा डावीकडे सरकतो. आणि डावीकडे सरकलं की अँब्युलन्सच्या मधल्या फटीतून ट्रायाजचं टेबल सरळ समोर येतं. आतल्या बाकावरून दिसत नाही, मी नंतर जाऊन बसून बघितलं, मध्ये खांब येतो. कट्ट्यावरून अगदी लख्ख दिसतं. चष्मेवाली वाकत होती, फीत बांधत होती, उठत होती. हातमोजे रक्तानं भरलेले म्हणून चष्मा कोपरानं वर सरकवत होती. कोणीतरी तिच्यावर ओरडलं, तिनं वर न बघता नुसता हात केला, थांबा म्हणून. किती छान काम करते ही पोर, असं माझ्या मनात आलं. आणि मग कळलं की यांना काय दिसत होतं.

ते गाड्या बघत नव्हते गं. तुला बघत होते.

त्यांना कधी कोणी आत सोडलं नाही. पोरगी दारात उभी राहून करते काय, हे त्यांना शेवटी बघायला मिळालं, अगदी पहिल्या रांगेतून, आणि गार वारा असला तरी ते उठायला तयार नव्हते. तू घामानं कपाळावर आलेले केस मनगटानं मागे सारतेस ना, तसे सारले असशील. एखाद्याला गप्प केलं असशील. मला त्यांचा चेहरा डोळ्यांसमोर येतो. शेजारच्या माणसाला नक्की सांगितलं असेल, ती माझी. न सांगता राहायचे नाहीत.

त्यांना दुखत होतं, तेही मला माहीत आहे. पोट धरून बसले असणार. मी ते गोड करून सांगणार नाही. पण त्यांना टाकून दिलंय असं त्यांना वाटत नव्हतं, हे मी त्या जागी बसून सांगते, ऐकीव नाही.

आणखी एक. तेवढ्यात चष्मेवाली फेरीला आली. माझ्यासमोर उकिडवी बसली, फितीवर हात ठेवला आणि म्हणाली, "काका, आता कसं वाटतंय?"

कार्डावर उत्तर होतं. मीच लिहिलेलं. गरगरतंय, पोट कडक झालंय. मला ते म्हणता येईना. तोंड उघडलं आणि सगळ्या वर्गासमोर, रखवालदारासमोर, त्या डॉक्टरासमोर, तुझी आई हमसून हमसून रडली. त्या बिचारीला वाटलं हे कार्डावरच आहे. ती मोठ्यानं ओरडली, "हिरव्याचा लाल! स्ट्रेचर!" आणि पैलवानानं मला खरोखर उचललं. मी नको नको म्हणतेय, कोण ऐकतंय. आत नेऊन झोपवलं, डॉक्टरानं नाडी बघितली आणि मग त्याच्या लक्षात आलं. त्यानं सगळ्यांना बाहेर काढलं आणि खुर्ची ओढून शेजारी बसला. मुलगा तितका वाईट नाही.

गाल जिवंत होताना कसा चावतो आणि झिणझिणतो, तसं आता होतंय. अजून सगळा आलेला नाही. पण बुटांपाशी आज थांबले.

आता माझं म्हणणं ऐक. पहिल्यांदा विचारलं की सगळेच मजेत म्हणतात. बाबा म्हणायचे, मी म्हणते, तू म्हणतेस. हे मला घरात कळत होतं, जेवणं झाल्यावर मी दुसऱ्यांदा विचारायचे. मग तुला का नाही विचारलं? तू फोनवर मजेत म्हणालीस, मी हिरवी फीत बांधली आणि इथे बसून पत्रं लिहिली. वाट बघत होते की तू येशील, तू बोलशील. भिंतीपाशी बसलेल्यानं उठून यायचं नसतं गं. फेरी मारणं हे फीत बांधणाऱ्याचं काम असतं, हे मी वर्गात घसा कोरडा करून सांगते, आणि स्वतः मात्र कोरडी पाषाण.

पुढच्या आठवड्यात वर्गाला सुट्टी आहे. मी शनिवारच्या गाडीनं निघते आहे, दुपारी पोचेन. आणायला येऊ नकोस, पत्ता मला पाठ आहे. मी तुला कामावर परत जा म्हणणार नाही. गोदामात पेट्या लाव, हवं तर मीही लावू लागते. परीक्षेतला प्रश्न विचारणार नाही. मी विचारेन, कशी आहेस. तू म्हणशील, मजेत. मी पिशवी ठेवेन, हातपाय धुवेन, आपण चहा पिऊ. मग मी पुन्हा विचारेन.

शनिवारी दुपारी दारावर कोणीतरी येईल. ती मी असेन. उघड.

मजेत नसलेली,
तुझी आई